चित्रातल्या बाईची मापं

देवळाली कॅम्पातल्या सरूमावशी शिवलेला प्रत्येक ब्लाउज गिऱ्हाइकाआधी भिंतीवरच्या एका चित्राला दाखवायच्या. "काय बाई, बरा बसलाय?" असं विचारायच्या आणि उत्तर आल्यासारखं खांद्याची शिवण उसवायच्या. जवानांच्या बायका ताटकळत बसत. कुणी कुरकुरलीच तर म्हणायच्या, "मला घाई चालते गं, बाईला चालत नाही."

ही बाई म्हणजे गोरी मडम. घोळदार झगा, हातमोजे, तिरकी टोपी, कंबर मुठीत मावेल एवढी. चाळीस वर्षांपूर्वी पेन्सिलीनं काढून रंगवलेली. मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची. अंबडच्या कारखान्यांत बायका दिवसभर उभ्या राहून राबतात, त्यांच्यासाठी आम्ही फाटकावर पत्रकं वाटतो, आणि इथे एक कष्टकरी बाई असल्या नटव्या बाहुलीची परवानगी मागते! मी हे तोंडावर बोलले.

मावशींनी मला नुसतं नजरेनं मापलं. "छाती तीस, कंबर चोवीस. जेवत जा. मग भांड."

मोर्चाचा कापडी फलक त्यांच्याकडेच टाकला होता. नुसती कड दुमडायची होती. आणायला गेले तर चौफेर पांढरी पायपिंग!

"मावशी, हा मोर्चा आहे. लग्न नाही."

"म्हणून गबाळ्यासारखं जायचं? बाईनं पास केलाय."

मी संतापून चित्रच खिळ्यावरून उतरवलं. मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं मापं लिहिलेली. दर वर्षी नवी ओळ. कंबर चोवीसवरून छत्तीसवर गेलेली. शेवटची ओळ तीन वर्षांपूर्वीची.

"तोंड मडमेचं, मापं माझी," मावशी म्हणाल्या. "आमचे हे कॅम्पातल्या लष्करी साहेब लोकांच्या बायकांचे कपडे बेतायचे. लग्नाच्या वर्षी हे चित्र काढलं. म्हणाले, तुला अस्सा झगा शिवतो. मग दर दिवाळीला माप घ्यायचे. गेले तोवर."

"आणि झगा?"

"मी कुठे घालून जाणार होते?"

"म्हणजे जन्मभर नुसतं मापच घेतलं!"

"माप घ्यायला जवळ यावं लागतं गं."

त्यांनी गळ्यातली टेप माझ्या हातात दिली. "दिवाळी आलीय. आपलं आपल्याला नीट घेता येत नाही."

मी अंतर राखूनच टेप गुंडाळायला लागले.

"अशी लांबून काय घेतेस?"

कंबर तेहतीस भरली. "मावशी, जेवत जा," मी म्हणाले आणि पुठ्ठ्यावर नवी ओळ लिहिली. वळून बघितलं, तर टेप कधीच निघाली होती, आणि मावशी दोन्ही हात उचलून तशाच उभ्या होत्या.