यल्लाप्पा हवालदारांची परात

आमचे शेजारी यल्लाप्पा हवालदार रोज सकाळी भिंतीला टेकून उभ्या केलेल्या रायफलींची हजेरी घेत आणि त्यांना फैलावर घेत. "पोक काढून हुबी ऱ्हाऊ नगंस! सरळ!" ही तंबी जिला मिळे तिचा खांद्याला लावायचा लाकडी दस्ताच वाकडा होता. ती बिचारी काय करणार?

वडगावात आमच्या गल्लीत घरोघरी माग. त्या खटखटीत पलटणीतून पेन्शनीवर आलेलं हे एकच बिऱ्हाड. कॅम्पात रंगरुटांच्या जुन्या रायफली मोडीत निघाल्या की लिलावाला यल्लाप्पा, म्हणजे गल्लीचे आप्पा, हजर. या रायफली नुसत्या कवायतीच्या, नळ्यांत शिसं ओतून कायमच्या मुक्या केलेल्या. आप्पांनी त्या इतक्या जमवल्या की पाहुण्याला पाठ टेकायला भिंत उरली नव्हती.

बोलणारी तेवढी एकच. रंगरुटांना नेम शिकवायची, बारक्या गोळीची. तिचा परवाना होता. संध्याकाळी माग थांबले की आप्पा परसात बांधाला टेकवलेल्या फुटक्या पितळी परातीवर नेम धरीत. "दम धर, नेम धर, सोड!" हा त्यांचा मंत्र. सुईत दोरा ओवतानाही तोच आणि गल्लीतलं भांडण सोडवतानाही तोच. मग फाट्! आणि टण्ण!

टण्ण झालं की आतून आक्का ओरडत, "लागला!"

आक्का म्हणजे आप्पांची बायको. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. दिवसभर कुणाशी बोलणं नाही, जेवण म्हणाल तर चिमणीचं. संध्याकाळी मात्र आवाजाला धार चढे. टण्ण झालं नाही तर त्या विचारीत, "का वो, परात सरकली जनू?" आप्पा मिशीतल्या मिशीत हसत. मला शाळा सुटल्यावरची डुलकी मोडल्याचा राग येई, पण बंदूकवाल्याशी कोण भांडणार?

मग चळवळीचे दिवस आले आणि सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघाला. आप्पांनी बैलगाडी भरली. मीही सोबत गेलो. बोलणारी रायफल त्यांनी मुकाट्यानं दिली, पण मुक्यांसाठी ते हटून बसले.

"सायब, ह्यातनं गोळी सोडा, मुंगीबी भाईर पडत न्हाय!"

फौजदार धारवाडकडचा. "बंदूक अंद्र बंदूक," म्हणजे बंदूक ती बंदूकच, असं कानडीत म्हणाला आणि सगळ्या आत ठेवून घेतल्या. आप्पांनी जाताना एकेकीला सलाम ठोकला. वाकडीला जरा जास्त वेळ.

परतताना गाडीत ते म्हणाले, "मास्तर, आमच्या हिला बोलू नगासा. तेवढं टण्ण आयकायला जगत्या ती."

आणि दुसऱ्याच संध्याकाळी परसात फाट् झालं! टण्ण झालं! "लागला!" झालं! मी चपला न घालताच धावलो. माझ्या आधी ठाण्याचा कानडी शिपाई कुंपणावरून उडी मारून आत आला होता. बघतो तर आप्पांच्या एका हातात लाकडी फळी, दुसऱ्या हातात धोंडा. फळी पाट्यावर आपटली की फाट्, धोंडा परातीवर बसला की टण्ण.

"हवालदार, बंदूक कुठं लपवलाय?" शिपाई ओरडणार, तोच आप्पांनी धोंडा काखेत मारून त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि डोळ्यांनी घराकडं खूण केली. शिपाई माणूस होता. त्यानं टोपी काढली आणि कुंपणालगत बसून घेतलं.

आप्पांनी पुन्हा दम धरला, नेम धरला. फळी आपटली. पण म्हाताऱ्या हातातला धोंडा परातीला चुकवून बांधापलीकडच्या कडब्यात जाऊन पडला. कसलाच आवाज नाही. आप्पांचा हात तसाच वर राहिला. आता आतून परात सरकल्याची चौकशी येणार, म्हणून आम्ही तिघांनीही कान टवकारले.

मग आतून नेहमीच्याच ठसक्यात आवाज आला.

"लागला!"

आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खाली वाकून पुढचा धोंडा उचलला.