नागसेन आपलाच हाय!

"माणूस जगात कुठंही जाऊ द्या, आपल्या मातीत शिरायला त्याला कागद लागत नाही!"

टोरांटोहून निघताना नागसेननं हे असं काही ऐकवलं, की निरोप द्यायला आलेल्या मित्रानं टाळ्या वाजवल्या. मुंबईच्या विमानतळावर खिडकीमागच्या साहेबांनी मात्र पहिलाच प्रश्न टाकला, "कागद?"

नागसेन आता कॅनडाचा नागरिक. त्या पासपोर्टासोबत इथं शिरायला ओसीआयचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं, निळं पुस्तक लागतं. ते निघताना घरात सापडलं नव्हतं. विमानात बसताना मोबाईलमधल्या पुस्तकाच्या फोटोवर भागलं; इथं भागेना.

"पुस्तक दाखवा, नाहीतर पुढच्या विमानानं परत."

"साहेब, उद्या सकाळी बहिणीचं लग्न आहे!"

"अभिनंदन. पुस्तक?"

त्याला घ्यायला परतूरकडच्या गावाहून जीप भरून माणसं आल्ती, बाहेर ताटकळत उभी होती. नागसेननं त्यांच्यातल्या वडलांना, अप्पारावांना, फोन लावला. "बाबा, मला आत घेईनात! ओसीआय न्हाई!"

ओसीआय काय ते अप्पारावांना कळलं नाही. पोराला परका ठरवून राह्यले, एवढं बराबर कळलं. त्यांनी लगेच व्हिडिओ कॉल केला. "दे साहेबाला!"

"साहेब, पोरगं बिलकुल आमचंच हाय! ह्याचं नाव अजून रेशन कार्डात हाय!"

साहेबांची भुवई वर गेली. "कॅनडाच्या नागरिकाचं?"

"बाबा, बस करा," नागसेन कुजबुजला. पण तोवर फोन शेजारच्या रखमाजीकाकांनी ओढला होता. काका प्रत्येक निवडणुकीला उभे राहून पडलेले. त्यांच्या लेखी माणसाचा पुरावा म्हणजे मतदार यादी!

"यादीत बी नाव हाय, साहेब! मागल्या टायमाला मतदान बी झालं ह्याचं!"

"काका, तेव्हा मी टोरांटोत होतो!"

"तू व्हतास रे. मत हितंच व्हतं!"

साहेबांनी पेन उचललं. नागसेनला दरदरून घाम फुटला. मघापर्यंत तो नुसता परका होता, आता गुन्हेगार व्हायला आला होता. गावानं आणखी थोडी माया केली असती, तर बेड्याच पडल्या असत्या!

साहेबांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं, पेन खाली ठेवलं. "हे मी ऐकलं नाही. पण त्यांना सांगा, आता एकही पुरावा नको. निळं पुस्तक, आत तुमचा फोटो. एवढंच."

"निळं? आत फोटू?" फोनमधून बाईचा आवाज आला. नागसेनची आई, दैवशालाबाई, गर्दीतून पुढं झाली. कमरेची पिशवी सोडून तिनं रुमालात गुंडाळलेलं पुस्तक कॅमेऱ्यापुढं धरलं.

"आई! हे तुझ्याकडं?"

"मागल्या खेपंला तुझ्या बॅगंतून काढून घेतल्तं. फोटू लई चांगला आलाय त्यात. रोज पाहत असते."

"मंग सांगायचं न्हाई का?" अप्पाराव ओरडले.

"तुमी बोलू दिलं तं सांगीन ना!"

साहेबांनी शिपायाला दारावर पिटाळलं. पुस्तक आलं, शिक्का बसला. नागसेननं पुस्तकासाठी हात पुढं केला, तर फोन चालूच!

"साहेब," दैवशालाबाई म्हणाली, "काम झालं असंल तं ते पुस्तक त्या शिपायाहाती मला वापस धाडा. ह्याच्याकडं नका देऊ. हा हरवतो."