पाळण्यात न बघणाऱ्या मॅडम

बारशाला येऊन पाळण्यात न डोकावता जाणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात एकच असंल, आणि ती नेमकी आमची भाडेकरू हाय. गिरिजा मॅडम. गल्लीत कुणाचंही बारसं असू दे, मॅडम येणार, पाळण्याला वळसा घालून सरळ बाळाच्या आईजवळ बसणार, हुग्गीचा डबा तिच्या हातात देणार आणि म्हणणार, "बाळाचं बघायला माणसं हायत. तुझं सांग." हुग्गी म्हणजे खपली गव्हाची खीर. मॅडम गडहिंग्लजच्या पल्याडच्या, तिकडं सणाला हीच करतात.

शिरोलीच्या फाउंड्रीतनं रिटायर झाल्यावर मी वरचा मजला भाड्यानं दिला. मॅडम मानसशास्त्रातल्या. गरोदर बायका, बाळंतिणी, दिवस न राहणाऱ्या, राहून पोर गेलेल्या, अशांची मनं खचली की त्यांच्याशी बोलायचं, हे त्यांचं काम. मला वाटलेलं, नुसतं बोलायला कोण येतंय? पण जिना मोकळा म्हणून न्हाई. शेजारीच दातांचा दवाखाना हाय, म्हणून निम्म्या बायका घरात दाढ दुखते सांगून येतात. एका सासूनं तर मला खाली गाठलं, "पावणं, सुनंच्या एका दाढंला किती हेलपाटे हो?" मी कपाळाला हात लावून म्हटलं, "दाढ अवघड जागची हाय, मावशी!"

मॅडमचे नियम कडक. आत फक्त आई. बाळ बापाकडं, बाहेर बाकावर. तालमीत कमावलेले गडी दुपट्यातलं पोर हातात धरून घामाघूम झालेले मी रोज बघतो. "मुलगा का मुलगी" विचारायचं न्हाई, "गोड बातमी कधी" तर अजिबात न्हाई. जानेवारीत मी हौसेनं गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर दिलं, तर ते बाहेर बाकासमोर, भिंतीकडं तोंड करून टांगलेलं! "काका, राग मानू नका. इथं हे बघून रडू फुटणाऱ्या बायका येतात." मग तारीख कशी बघायची? तर म्हणे, मोबाईल हाय की.

खरं सांगतो, मला बाई तिरसट वाटायची.

मग आमच्या नातीचं बारसं आलं. प्राजक्ता, म्हणजे आमची सून, माहेरनं पोरीला घेऊन पंधरवड्यापूर्वीच आलती. हॉल पाव्हण्यांनी भरलेला. झबली, टोपडी, फोटो, नुसता कल्ला. मॅडम आल्या आणि पाळण्यावरनं नजरसुद्धा न फिरवता कोपऱ्यात प्राजक्ताशेजारी बसल्या. डबा उघडून दिला.

"झोप लागती का?"

आमची ही मध्येच म्हणाली, "पोर कुठं झोपू देती!"

"काकू, पोरीचं न्हाई विचारलं. पोर झोपल्यावर तरी हिला लागती का?"

प्राजक्ताच्या हातात चमचा तसाच राहिला. मग ती हळूच बोलली, "न्हाई लागत मॅडम. पोरगी रडली तरी मला काहीच वाटत न्हाई. मी आईच न्हाई बहुतेक." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली.

ही चपापली. "आमच्या वेळी असलं काय नव्हतं बाई."

"होतं की काकू," मॅडम म्हणाल्या. "कुणी विचारत नव्हतं."

एका घरात राहतो, रोज तिच्या हातचा चहा पितो, आणि पोरगी आतनं खचत चाललीय हे कुणाला दिसलं न्हाई.

दुसऱ्या दिवसापासनं प्राजक्ता वर जायला लागली आणि नातीला घेऊन बाकावर मी. पोरगा माझा ड्युटीवर. रडली की मी पार गोंधळायचो, एकदा लंगोट उलटा बांधला. प्राजक्ता बाहेर येऊन ते बघून फिसकन हसली. घरात ते हसू कितीतरी दिवसांनी ऐकलं. पण पोरीला हात अजून लावायची न्हाई.

एका संध्याकाळी मॅडम एकट्याच बाहेर आल्या. "हळू बोला, काका. आत झोप लागलीय प्राजक्ताला." आणि माझ्या शेजारी बाकावर बसल्या. नात माझ्या मांडीवर. त्या बघत होत्या जिन्याकडं.

मला राहवलं न्हाई. "मॅडम, ह्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलंय? एकदा बघा तरी की!"

नजर जिन्यावरच ठेवून त्या म्हणाल्या, "माझ्या बारशाला अख्खं गाव जेवलं म्हणे. सगळे पाळण्याभोवती. आमची अव्वा, आई हो, आतल्या खोलीत एकटी. तिनं मला कधी जवळ घेतलं न्हाई. घरातले म्हणायचे, तिचा स्वभावच तसा. मीपण तेच म्हणायची, भांडायची तिच्याशी. हे शिकायला गेले तेव्हा वर्गात कळलं, तिला काय झालतं ते. तोवर अव्वा गेलती."

तेवढ्यात दार वाजलं. प्राजक्ता उभी, डोळे झोपेनं सुजलेले.

"मामा, आणा हिकडं तिला."

मी पोर दिलं. तिनं घेतलं, छातीशी धरलं, आणि गालानं तिचं डोकं चाचपत तशीच उभी राहिली.

तेव्हा कुठं मॅडम उठल्या, जवळ गेल्या आणि आईच्या कुशीतल्या पोरीकडं बघत राहिल्या. लई वेळ. त्यांचे डोळे पुसून होईपर्यंत मी भिंतीवरच्या उलट्या कॅलेंडरवर तारीख शोधत बसलो.