ज्वारीचं रक्त

ईश्वरप्पाची अक्कलदाढ आडवी उगवली होती. वर यायचं सोडून ती शेजारच्या दाढेला ढुसण्या देत होती. डॉक्टर वैजयंतींनी एक्स-रे दाखवला आणि म्हणाल्या, "काढावी लागेल. आणि जखम लवकर भरावी म्हणून तुमचंच रक्त वापरू."

"माजंच? ते कसं काय?"

"हातातून थोडं रक्त घ्यायचं, नळीत भरून मशिनमध्ये गरगर फिरवायचं. मग त्यातलं सगळं वेगवेगळं होतं. लाल खाली बसतं, मधे जेलीसारखा पिवळसर गोळा जमतो. तो दाढेच्या खड्ड्यात ठेवला की—"

ईश्वरप्पाने पुढचं ऐकलंच नाही. तो 'सगळं वेगवेगळं होतं' इथेच अडकला होता.

अडकायला कारण होतं. ईश्वरप्पाच्या घरात अंड्याचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा उलटं लावत. सिद्धेश्वरीचं स्थळ आलं तेव्हा सासऱ्यांनी पगार विचारला नाही, फक्त "अंडं खाता का?" एवढंच विचारलं. ईश्वरप्पा "नाही" म्हणाला आणि लग्न ठरलं. त्यात खोटं काही नव्हतं. अंडं त्याला खरंच आवडत नसे. तो मटण खायचा.

तेही दर गुरुवारी, रहिमतुल्लाकडे. रहिमतुल्लाचा टेम्पो ईश्वरप्पाच्या दुकानातले टॉवेल पोहोचवायचा आणि ईश्वरप्पा गुरुवारी 'हिशेबाला' त्याच्या घरी जायचा. इतके हिशेब करूनही ते दोघे कधी श्रीमंत झाले नाहीत, याचं सिद्धेश्वरीला नवल वाटे.

घरी येऊन ईश्वरप्पाने दाढेची बातमी सांगितली आणि लगेच धर्माच्या आड लपला.

"अव्वा, रक्त तोंडात ठिवणार हायत. मांसाहारच की हो. आपल्याला न्हाय जमायचं."

त्याची आई शिवम्मा शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "जीभ चावल्यावर रगत येतंय, तवा काय आंगोळ करतोस?"

"पण हे मशिनमधलं..."

"रगत कुणाचं?"

"माजंच."

"मग झालं. तुजं रगत म्हंजे ज्वारीचं रगत. कडक भाकरी नि शेंगाचटणी. ते कुटंबी लावलं तरी चालतंय." एवढं बोलून तिने एक शेंग फोडली आणि थांबली. "पर त्या मशिनीत आदी कुणाकुणाचं फिरवलंय, ते बगाया पायजे. मी येते."

अशा रीतीने जिच्यापासून लपवायचं, तीच मशिनवर पहारा द्यायला निघाली.

ईश्वरप्पा संध्याकाळी रहिमतुल्लाकडे धावला.

"दिसंल का रे त्यात?"

"काय?"

"गुरुवारचं."

रहिमतुल्लाने गंभीरपणे विचार केला. "खिमा काय तुकड्या-तुकड्यानं भायेर येणार हाय का? येडा हैस तू. आन् दिसायचंच असलं, तर इतक्या वर्षांचं दिसंल. मग उद्या सकाळच्यानं काय फरक पडतोय?"

"उद्या सकाळी काय?"

"अम्मीनं बकऱ्याचे पाये चढवलेत. दाढ काढल्यावर तुला कुटलं चावायला जमतंय? आन् डॉक्टरीण काय बोलली?"

"पोटभर खाऊन या म्हणाल्या."

"मग? डॉक्टरचं ऐकावं माणसानं."

या युक्तिवादात कुठेतरी भोक होतं, पण ते शोधायला रिकामं पोट लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरप्पा "तळ्याला एक चक्कर मारून येतो" म्हणून गेला आणि रहिमतुल्लाच्या अम्मीच्या, मदिनाबींच्या स्वयंपाकघरात दोन वाट्या पाया, चार नान अशी चक्कर मारून आला.

दवाखान्यात सगळे गेले ते रहिमतुल्लाच्याच टेम्पोतून. शिवम्मा पुढे, बाकीचे मागे टॉवेलांच्या गठ्ठ्यांवर. आत गेल्या गेल्या शिवम्माने मशिन कुठे आहे ते विचारलं आणि खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"ह्यात काल कुणाचं फिरवलं, बाई?"

"आजी, प्रत्येकाची नळी वेगळी असते. नवीन, बंद. एकाचं दुसऱ्यात जात नाही."

"तरी बी. ती लोकं काय खायाची?"

डॉक्टर वैजयंती शिकताना पुष्कळ परीक्षा पास झाल्या होत्या, पण त्यांत हा प्रश्न आला नव्हता. "विचारलं नाही मी," त्या म्हणाल्या.

"इचारावं," शिवम्मा म्हणाली.

मग ईश्वरप्पाच्या हातातून रक्त निघालं, नळ्या मशिनमध्ये गेल्या आणि मशिन घूं घूं करू लागलं. आतल्या खुर्चीवर ईश्वरप्पाचा गाल सुन्न झाला, दाढ निघाली, तोंडात कापसाचा बोळा बसला. आता तो फक्त 'अं' आणि 'अंहं' एवढंच बोलू शकत होता. त्याच्या मते तेवढं पुरेसं होतं. पण मशिन थांबलं.

डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. खाली लाल, मधे गोळा, सगळं ठरल्याप्रमाणे. फक्त वरचं पाणी, जे पिवळसर नितळ असायला हवं, ते दुधासारखं पांढरंफटक होतं.

"अरे," डॉक्टर म्हणाल्या, "सकाळी यांनी काय खाल्लं होतं?"

"काय न्हाय की," दारातून सिद्धेश्वरी म्हणाली. "तळ्याला फिराया गेलते. आल्यावर म्हणले भूक न्हाय."

"काहीतरी भरपूर चरबीचं खाल्लंय. जड जेवणानंतर रक्त असं दुधट दिसतं. पाया, नल्ली, मटण असं काही?"

ईश्वरप्पाने 'अंहं' म्हणायचा प्रयत्न केला, पण बाहेर 'अं' आला. रहिमतुल्ला छताच्या पंख्याकडे पाहू लागला. पंखा बंद होता.

शिवम्माने नळी पाहिली. मग रहिमतुल्लाला पाहिलं. मग ती म्हणाली, "तूप."

"तूप?"

"तूप खातो त्यो."

"आजी, एवढं पांढरं व्हायला किती तूप खायला लागेल, माहीत आहे का?"

"लई खातो."

"पण अव्वा," सिद्धेश्वरी म्हणाली, "घरातलं तूप परवाच संपलंय की."

"म्हणून तर संपलं."

डॉक्टरांनी गोळा चिमट्याने उचलला, "जरा ढिला आहे, पण चालेल," म्हणाल्या आणि खड्ड्यात बसवून टाके घातले. "दोन-तीन दिवस चावायचं नाही. कोमट, पातळ, ताकद येईल असं द्या. आणि तूप बंद."

"अं," ईश्वरप्पा म्हणाला.

घरी सिद्धेश्वरीने हुलग्याचं माडगं, म्हणजे कुळथाचं पातळ कढण, करायला घेतलं. हा त्यांच्या संसारातला जुना दुखरा विषय होता. लहानपणी ईश्वरप्पाला टायफॉइड झाला होता, तेव्हा अव्वाने त्याला रोज वाटीभर हुलग्याचं माडगं पाजून उभा केला होता. ती चव त्याच्या जिभेवर अजून होती. सिद्धेश्वरीने लसूण वाढवून पाहिला, आमसूल घालून पाहिलं, हुलगे भाजून पाहिले. दर वेळी ईश्वरप्पा एक घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "चांगलंय. पर अव्वाच्या हातचं न्हाय." शिवम्माला करून दाखवा म्हटलं की ती म्हणे, "आता हाताला ती चव न्हाय."

याही वेळी त्याने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. सिद्धेश्वरीच्या वतीने भांडी बोलली.

दुसऱ्या दिवशी रहिमतुल्ला डबा घेऊन दारात उभा राहिला. "मावशी, अम्मीनं दिलंय. ताकदीचं हाय म्हणली."

शिवम्मा आणि मदिनाबी पूर्वी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहायच्या. त्या भिंतीवरून पीठ, विरजण आणि भांडणं सारख्याच सहजतेने इकडून तिकडे जात. शिवम्माने झाकण काढलं, वास घेतला, वाटीत ओतलं आणि मुलापुढे ठेवलं.

"काय हाय?" सिद्धेश्वरीने विचारलं.

"हुलग्याचं माडगं," शिवम्मा म्हणाली.

ईश्वरप्पाने चमचा तोंडात घातला आणि तसाच राहिला. तो आठ वर्षांचा झाला होता. अंगावर वाकळ होती, बाहेर पोरं विटीदांडू खेळत होती आणि अव्वा म्हणत होती, पी, हुलग्याचं हाय. तीच चव. काल सकाळी पायाच्या वाट्या चेपताना तोंडात नान असल्यामुळे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

तो हळूच म्हणाला, "अव्वा. टायफॉइडच्या टायमाला..."

"तू मराया टेकलावतास," शिवम्मा शेंगा सोलत म्हणाली. "मदिना म्हणली, हुलगं माज्याकडचं पाज. पाजलं."

"आन् ज्वारीचं रगत?"

"ज्वारी बी हाय की त्यात."

रहिमतुल्ला पंख्याकडे पाहू लागला. या घरातला पंखा निदान चालू होता.

सिद्धेश्वरीने डबा उचलला. नाकाशी नेला. लसूण, आमसूल, भाजलेले हुलगे, वाया गेलेल्या सगळ्या वाट्या बहुतेक तिच्या डोळ्यांपुढून जात होत्या. ईश्वरप्पाने चमचा खाली ठेवला. लग्न टिकतं की जातं, ते त्या डब्यावर ठरणार होतं.

"तूप लई हाय ह्यात," शेवटी ती म्हणाली.

"व्हय," शिवम्मा म्हणाली.

सिद्धेश्वरीने झाकण घट्ट लावलं, डबा रहिमतुल्लाच्या हातात दिला. "उद्यापासनं तुमच्या घरीच पाजा ह्येंना. माझ्या चुलीवर मी हुलगं चढवणार न्हाय आता, जन्मात." मग ती आत जाता जाता उंबऱ्यात थांबली.

"लग्नाआदी माझ्या बाबांनी बी," ती म्हणाली, "प्रश्नच चुकीचा इचारला."