टेंबे काळी बिअर तपासतात

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे मनोहर टेंबे कोणतीही वस्तू हातात घेण्याआधी तिच्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करतात. नारळ, कलिंगड, माठ यांचं मी समजू शकतो. पण ते थर्मासवर करतात, बँकेच्या काउंटरवर करतात. माझ्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी आहेर म्हणून आणलेल्या नव्या बॅगेवरही त्यांनी टकटक केली आणि भर मांडवात "प्लास्टिक पातळ आहे" असा निकाल दिला. व्याही अजून मला त्यांच्याबद्दल विचारतात. 'ते गृहस्थ' म्हणतात, नाव घेत नाहीत.

टेंबे आयुष्यभर इथे हिंदी मुलखात, सोनागिरी वस्तीशेजारच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. मोठाल्या यंत्रांचे भाग त्यांच्यापुढे यायचे आणि ते पास किंवा रिजेक्ट म्हणायचे. निवृत्तीनंतर भाग येणं थांबलं, म्हणून त्यांनी आम्हाला घेतलं. गणपतीतले मोदक रिजेक्ट, कारण कळ्या सारख्या नाहीत. माझी दाढी रिजेक्ट, कारण डावीकडे अर्धा मिलिमीटर जास्त. महाराष्ट्र मंडळातल्या व्याख्यात्याचं भाषण तर त्याने 'अध्यक्षमहोदय' म्हणताच रिजेक्ट. या शेवटच्या निकालाशी मी सहमत होतो.

"शंका आली की रिजेक्ट करायचं, मास्तर," ते मला म्हणायचे. मी कॉलेजात इतिहास शिकवायचो, म्हणून मास्तर. "शंकेचा फायदा आरोपीला देतात, पुर्ज्याला नाही."

त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. ज्या भागाला आपण स्वतः गेज लावलं नाही, म्हणजे आपल्या हाताने माप घेतलं नाही, त्याच्यावर सही करायची नाही. साहेब ओरडो, गाडी दारात उभी राहो. या नियमापायी त्यांचं एक प्रमोशन गेलं, असं टेंबेवहिनी सांगतात. टेंबे म्हणतात, ते प्रमोशन तपासण्यासारखं नव्हतंच.

त्यांची एकुलती एक मुलगी मुग्धा. केमिकल इंजिनिअर झाली आणि अरेरा कॉलोनीतल्या एका ठिकाणी बिअर बनवायला लागली. म्हणजे खरोखर बनवायला. मोठमोठ्या चकचकीत टाक्या, रबरी बूट, हातात पाइप. टेंब्यांनी खोकल्याचं औषधसुद्धा कधी त्यात अल्कोहोल नाही ना, हे बाटलीवर वाचल्याशिवाय घेतलं नाही. ते बाहेर सांगायचे, "मुलगी फूड लाइनमध्ये आहे." हे खोटं नव्हतं. जव हे धान्यच आहे. पण त्या जागेत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

गेल्या थंडीत मुग्धाने डोक्यात घेतलं की आईच्या गोड्या मसाल्याची स्टाउट करायची. स्टाउट म्हणजे काळी, दाट, कडवट बिअर. जव करपायच्या बेताला येईपर्यंत भाजतात, त्यामुळे ती कॉफीसारखी दिसते. तिच्यात हिने भाजलेलं सुकं खोबरं, खारीक, तीळ आणि दगडफूल घालायचं ठरवलं. मालकाने एक टाकी दिली आणि अटही सांगितली. तयार झाली की एका रविवारी लोकांना चाखायला बोलवायचं. आवडली तर कायमची ठेवू, नाही तर पुन्हा असले प्रयोग नाहीत. मुग्धाला बंगळूरहून नोकरीचं बोलावणं आलेलं होतं. इथे जमलं नाही तर ती जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

एका संध्याकाळी मी वर चहाला बसलो असताना ती आली आणि हेल्मेट न काढताच म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्ही या. तुम्ही पास केलंत ना, तर बाकी सब गेले उडत."

वहिनी झारा हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. या मुलीची एकही गोष्ट बापाने आजवर पास केलेली नव्हती. दहावीचे मार्क, तिचं स्कूटर चालवणं, तिच्या पोळ्या, काहीच नाही. तिनेही कधी मागितलं नव्हतं. टेंब्यांनी टीपॉयवर टकटक केली.

"येतो," म्हणाले.

मग माणूस पेटला. रोज सकाळी बिनसाखरेची, बिनदुधाची कॉफी. दुपारी कारल्याचा रस. करपलेला टोस्ट मुद्दाम करपवून. "जीभ तयार पाहिजे, मास्तर. परीक्षा तिची आहे, तशी माझीही आहे." वाट्या घेऊन ते जिना उतरून माझ्याकडे यायचे. "हे चाखा. काय लागतंय, नीट सांगा. नुसतं कडू म्हणू नका. कसलं कडू?" मी मेथीचं कडू, कॉफीचं कडू, लिंबाच्या सालीचं कडू असं सांगत जायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मला वाटलं, माझीच परीक्षा चालली आहे. तशी ती सगळ्यांचीच चालू असते.

शुक्रवारी मुग्धा टाकीत शेवटी घालायचं खोबरं घरी भाजत होती. खोबऱ्याचं तेल बिअरचा फेस मारतं, म्हणून ती ते भाजून जुन्या धोतराच्या फडक्यात दाबून ठेवत होती. वास असा सुटला होता की खालच्या गल्लीतले गुप्ताजी थांबून विचारत होते, "आज किसके यहाँ दावत है, भाई?" मी वर गेलो तर टेंबे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. म्हणाले, "ही बघा हल्लीची पोरं. अजून भाजायलासुद्धा घेतलं नाही." मला हा त्यांचा नेहमीचा टोमणा वाटला. मी हसलो.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. वहिनी आल्या नाहीत, देवापाशी बसल्या. टेंबे इस्त्रीच्या बुशशर्टात होते, पिशवीत घरचा स्टीलचा पेला. "ग्लास त्यांचा, माप आपलं."

आत बरीच मंडळी जमली होती. एका टोपीवाल्या गृहस्थांनी ग्लासात नाक बुडवून, आकाशाकडे पाहून सांगितलं, "वेट अर्थ. ओल्ड लायब्ररी." दोघांनी हे ताबडतोब मोबाइलवर टिपून घेतलं. मी आयुष्य लायब्रऱ्यांत काढलं आहे. तिथला वास कोणी पैसे देऊन पिईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मुग्धाने स्वतः पेला भरून आणला. काळीभोर, वर बदामी फेस. टेंब्यांनी पेल्यावर टकटक केली. मग सवयीने पेल्याभोवती बोट फिरवून चार थेंब टेबलावर ठेवले, जेवायच्या आधी चित्राहुती घालतात तसे. शेजारच्या टेबलावरच्या मुलांना ती काळी बिअर पिण्याची खास पद्धत वाटली असावी, कारण त्यांनीही तसं केलं.

टेंबे प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा. चेहरा हलला नाही.

"मास्तर, आधी तुमचं सांगा."

मी खरंच सांगितलं. आधी कॉफी, मग खोबरं, आणि घोट खाली उतरल्यावर मागून आमटीसारखं काहीतरी, की भात कुठाय असं वाटावं. मला ती आवडली होती, आणि मला सहसा नव्या गोष्टी आवडत नाहीत.

टेंब्यांनी मान डोलावली आणि मुलीकडे वळून गंभीरपणे म्हणाले, "आधी कॉफी. मग खोबरं. मागून आमटी."

"हे काकांचं झालं, बाबा. मी इथेच उभी आहे. तुमचं सांगा."

त्यांनी आणखी एक घोट घेतला. तोंडात घोळवला. पुन्हा एक घेतला.

"रिजेक्ट असेल तर रिजेक्ट म्हणा ना," मुग्धा म्हणाली. "चलेगा. सवय आहे मला." ती हसली, पण हातातलं फडकं तिने पिळून दोरी केली होती.

मी टेबलाखालून टेंब्यांच्या पायाला पाय लावला. एक शब्द होता. म्हणून टाकायचा. जगात रोज हजार बाप म्हणतात.

"पास म्हणता येत नाही," टेंबे म्हणाले. "रिजेक्टही म्हणता येत नाही. माझं गेज गेलंय, मुग्धा."

"म्हणजे?"

"त्या साथीत ताप आला होता ना मला. तेव्हा चव गेली, वास गेला. सगळ्यांचा परत आला. माझा नाही आला."

मुग्धा समोरच्या खुर्चीत बसली. "आईला माहीत आहे?"

"नाही. उगाच तिचं स्वयंपाकातलं मन उडेल."

"आणि मग ती रोजची आमटी? मीठ कमी, चिंच जास्त, ते काय होतं?"

"शंकाच सगळी," टेंबे म्हणाले. "शंका आली की काय करायचं, ते माहीत होतं."

इतकी वर्षं वहिनी मीठ वाढवत आणि चिंच कमी करत होत्या, आणि हा माणूस समोर बसून ती आमटी गरम पाण्यासारखी गिळत होता. कॉफी, कारलं, करपलेला टोस्ट हे सारं माझ्या ध्यानात आलं. तो जीभ तयार करत नव्हता. कशाने तरी ती जागी होते का, हे बघत होता. रविवारपर्यंत.

"मला वाटलं होतं, येईल," ते म्हणाले. "निदान इतकं कडू तरी लागेल. गार आहे, एवढं कळतं. दाट आहे. फेस बारीक आहे, तो चांगला धरलाय. तेवढ्यावर मी सही करू शकतो. बाकीच्यावर खोटी सही तुला चालेल?"

तेवढ्यात टोपीवाले गृहस्थ आमच्या टेबलाशी आले आणि वाकून म्हणाले, "सर, आपको कैसी लगी?"

"जाँच चल रही है," टेंबे म्हणाले. "आप बैठिए."

मग त्यांनी पेला मुलीकडे सरकवला. "कारखान्यात एखाद्याचं गेज बिघडलं, की तो खात्रीच्या माणसाचं मागून आणायचा. आमच्या खात्यात मी कधी कोणाचं आणलं नाही. तू पी, आणि मला सांग. नीट सांग, घाई करू नकोस."

मुग्धाने फडकं टेबलावर ठेवलं, बापाच्या पेल्यातून घोट घेतला आणि डोळे मिटले.

"आधी जव आहेत," ती म्हणाली. "तव्यावर भाकरी जराशी लागते ना, त्या डागासारखं. कॉफी नाही. काकांचं चुकलं."

"मला वाटलंच," टेंबे म्हणाले.

"मग खारीक येते. पण गोड म्हणून नाही येत. कडूची धार जरा बोथट करते आणि बाजूला होते." तिने पुन्हा घोट घेतला. "दगडफूल लगेच कळत नाही. गिळल्यावर घशाच्या मागे, पाऊस पडून गेलेल्या दगडासारखं..."

ती पेल्याकडे बघत बसली. मी टोपीवाल्यांकडे पाहू लागलो, कारण कुठेतरी पाहायला हवं होतं.

टेंब्यांनी खुर्ची तिच्या जवळ ओढली.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "त्याच्यानंतर काय येतं?"