‘तुफान स्वारी’चं सस्नेह निमंत्रण

“शब्द बदलायचे? एवढंच ना? आन इकडं!”

पंजाबराव ढोमण्यांनी रुबाबात हात पुढे केला. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत ज्याचं म्हणून लग्न झालं, त्याच्या पत्रिकेचा मजकूर आपल्याच हातचा, असं ते छातीठोकपणे सांगत. “त्यातले किती जन नांदले, ते बी सांगा!” असं त्यांच्या बायको दुर्गाबाई स्वयंपाकघरातून विचारत, पण ते त्यांना कधी ऐकूच येत नसे. हल्ली मात्र लोक मोबाइलवरच तयार पत्रिका बनवू लागले होते आणि पंजाबरावांची सगळी विशेषणं घरात पडून होती.

“बाबा, लग्न नाही हे. व्हिडिओ गेम हाये,” रागिणी म्हणाली.

अकोल्याच्या अनुप सरांची वेबसाइट होती. गेम डाउनलोड कसा करायचा, याच्या सूचना तिथे मराठीत द्यायच्या. पण त्याच सूचना दहा ठिकाणी छापून आलेल्या, म्हणून प्रत्येक वाक्य वेगळ्या शब्दांत हवं. फक्त नावं जशीच्या तशी! एवढी पानं पसंत पडली, की रागिणीची नोकरी पक्की, तीही घरबसल्या. नाही पडली, तर स्थळं बघायला सुरुवात, असा तिने चांदूर बाजारच्या नत्थुजीमामांना शब्द देऊन ठेवला होता. मामा पोरांचे फोटो घेऊन तयारच बसले होते. पोरीचा जीव टांगणीला लागला होता आणि शेवटचं पान अजून व्हायचं होतं.

“नावाले धक्का लावू नका, बाबा. तेवढंच सांगते.”

“मले सांगून राहिली? अवं, पत्रिकेत एक नाव चुकलं तर सात पिढ्या बोलत नाहीत लोक!”

पंजाबराव कामाला लागले. गेमचं नाव ‘तुफान स्वारी’. मूळ मजकूर अगदीच रुक्ष. ‘रॉकी किंवा डॉली निवडा. खालचं बटण दाबून आताच डाउनलोड करा. नवा गेम रविवारी सकाळी अकरापासून.’ छे! ही काय माणसांशी बोलायची रीत झाली? त्यांनी एका बोटाने टाइप केलं :

‘सस्नेह नमस्कार. रविवारी सकाळी अकराच्या शुभमुहूर्तावर तुफान स्वारी हिचे आगमन योजिले आहे. तरी चि. रॉकी व चि. सौ. कां. डॉली यांपैकी रुचेल त्यांस पसंत करून, खालील कळ हलकेच दाबून, सहकुटुंब सहपरिवार आनंद द्विगुणित करावा.’

एकही शब्द जुना राहिला नाही! वार, वेळ आणि नावं मात्र शाबूत, वर नावांना मानाने चिरंजीव वगैरे लावलेलं. तरी काहीतरी कमी वाटत होतं. स्थळ! स्थळाशिवाय मजकूर कसा संपणार? हाताच्या सवयीने त्यांनी खाली लिहिलं, ‘स्थळ : राहते घर, शेगाव नाका, अमरावती. आपला विनीत, पंजाबराव ढोमणे.’

रागिणी आधीची पानं तपासण्यात बुडालेली. तिने ते न वाचताच वेबसाइटवर चढवून टाकलं. इकडे पंजाबरावांनीही आपला शिरस्ता पाळला. मजकूर छापण्याआधी चार नातेवाइकांच्या नजरेखालून घालायचाच! त्यांनी तो लिंकसकट ‘ढोमणे परिवार’ ग्रुपवर टाकला.

धडाधड उत्तरं आली. ‘अभिनंदन!’ ‘वा भाऊ, पत्ता लागू देला नाही!’ ‘लय लपवून ठेवलं!’

“पाहा,” पंजाबराव बायकोला म्हणाले, “आपल्या अंगात काय हाये, हे आता समजलं लोकाइले!”

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. अकोल्याच्या तानुबाई, म्हणजे पंजाबरावांची थोरली बहीण, पैठणी नेसून उतरल्या. मागून नत्थुजीमामा फेटा बांधून. त्यामागे आहेराच्या पिशव्या, कुकर आणि पाहुणेच पाहुणे!

तेवढ्यात रागिणी डोक्याला तेल थापून बाहेर आली.

“अवं बाप्पा! मुहूर्त आला अन् नवरी अजून तेलातच?” तानुबाई ओरडल्या.

“नवरी? कोन नवरी?”

“तूच ना! सासरचं नाव डॉली ठेवलं म्हने. ठेवू दे बाप्पा, पोरगा चांगला पायजे. कुठचा हाये हा रॉकी?”

पंजाबरावांच्या पायाखालची जमीन सरकली! “अवं ताई, ते सूचना हायेत गेमच्या! पूरं वाचलं नाही काय?”

“पत्रिका पूरी कोन वाचते? नाव, तारीख अन् जागा पाह्यतो आमी!”

आयुष्यभर लिहिलेली सगळी विशेषणं पंजाबरावांच्या डोळ्यांदेखत वाया गेली. त्यांना खरंच रडू आलं.

“लग्न अन् पत्रिकेत मामाचंच नाव नाही!” नत्थुजी ओट्यावर पाठ फिरवून बसले. दुर्गाबाईंनी कपाळावर हात मारला आणि शेजारणींना हाका मारून पीठ मळायला घेतलं. आलेल्या माणसाला उपाशी कसं धाडणार?

आणि रागिणीचा फोन वाजला. अनुप सर! तिने स्पीकर लावला. सगळा मांडव, म्हणजे अंगण, फोनभोवती गोळा झाला.

“रागिणी, काय लिहिलं हे? मी डोक्याला हात लावला! पान काढून टाकणार होतो मी.”

तिचे डोळे भरून आले. पंजाबराव भिंतीला टेकले.

“पण डाउनलोड थांबूनच नाही राहिले! पार मेळघाटातल्या धारणीपासून लोक बटण दाबून राहिले!”

“मी बी दाबलं,” तानुबाई हळूच म्हणाल्या. “वाटलं, नवरदेवाचा फोटो दिसन.”

“आमी बी!” मागून दहा-बारा आवाज आले.

“एवढे डाउनलोड आजवर कोणत्याच गेमला नाहीत. नोकरी पक्की!” सर म्हणाले. “फक्त तो घरचा पत्ता काढा.”

अंगणात एकच गलका झाला! रागिणीने बाबांना मिठी मारली, तेलासकट. मामांचा रुसवासुद्धा पळाला. आहेर परत न्यायचा नाही, नोकरीचा म्हणून द्यायचा, असं ठरलं आणि पंगत बसली.

रागिणी वाढायला वाकली, तशी तानुबाईंनी तिचा हात धरला. “काय वं, हे अनुप सर लग्नाचे हायेत काय?”

“आत्या, दोन पोरं हायेत त्याइले!”

तानुबाईंनी पोळीचा तुकडा मोडला.

“मंग त्याइचा लहाना भाऊ?”