फाइलीचा श्रीगणेशा

ब्याण्णव साली जळगावच्या भूजल खात्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढूनच जावं लागे. आत जाणारा शालिग्राम एकटाच. त्यामुळे आपण ऑफिसात नव्हे, गाभाऱ्यात जातो, असं त्याला वाटू लागलं होतं. सासुरवाडीला गेला की जमिनीखालचं पाणी आपण खुर्चीत बसून दाखवतो, असं तो बेधडक सांगून येई. सासऱ्यांनी, हिलाल नानांनी, ते मनावर घेतलं. एरंडोलकडचं त्यांचं गाव, बायका हंडे घेऊन मैलभर जात. नाना म्हणाले, मग गावाची विहीर तुम्हीच दाखवा. झालं!

उपग्रहाच्या चित्राची एकच जाडजूड फाइल होती. तिच्यात गाव-रस्ते, माती, उतार, भूजल असे थर पापडांच्या चळतीसारखे एकावर एक बसलेले. प्रत्येक थर सुटा करून वेगळ्या फाइलीत ठेवायचा प्रोग्रॅम शालिग्रामनं लिहिला. चाचणी म्हणून गाव-रस्त्यांचा थर काढून पाहिला. झकास निघाला.

दुसऱ्या दिवशी खरं काम, तेही सासुरवाडीचं. वर श्री घातल्याशिवाय शालिग्रामनं कोऱ्या कागदावर कधी अक्षर काढलं नव्हतं. मग कोऱ्या फाइलीनंच काय पाप केलं होतं? त्यानं प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली. आता प्रत्येक नव्या फाइलीत आधी इंग्रजी अक्षरांत 'श्री गणेशाय नमः', मग थर. भूजलाचा थर असा निघाला. तो गावाच्या थरावर ठेवला, तर पाण्याचा निळा ठिपका टेकडीच्या पायथ्याशी. जावयाच्या हातून नारळ फुटला आणि लहानथोर मिळून बठ्ठा गाव खणायला लागला.

लागला तो खडक. पंधरवडा गेला, घणांचे दांडे मोडले, पाण्याचा थेंब नाही. पण जावयावर कुणाचा संशय नाही! यंत्र बरोबर, आपली जमीनच हट्टी, असं लोक म्हणत. सासूबाई दर रविवारी त्याच्या ताटात मांडे वाढत आणि तो खाली मान घालून खाई.

शेवटी त्यानं दोन्ही थर पुन्हा एकावर एक ठेवून नीट पाहिले. भूजलाच्या थरात गावची नदी शाळेच्या पटांगणातून वाहत होती. देवाच्या नावातलं एकेक अक्षर यंत्रानं जमिनीचा एकेक चौकोन धरलं होतं, आणि तेवढी खरी जमीन पूर्वेला ढकलली गेली होती, चांगली अर्ध्या किलोमीटरवर. चाचणीच्या थरात देवाचं नाव नव्हतं, म्हणून गाव मात्र जागेवर होतं.

गप्प बसावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. त्या विचाराचीच त्याला जास्त लाज वाटली. पहिल्या एसटीनं तो खड्ड्यावर पोचला. नानांना बाजूला घेऊन सांगायचा बेत होता, पण जावईबापू आले म्हणताच सगळे भोवती गोळा झाले. सगळ्यांदेखत सांगावं लागलं. सांगताना त्याची नजर जमिनीतच होती.

"देवनं नाव लिखं म्हनीसन पानी सरकनं?" नानांनी विचारलं.

"पाणी जागेवरच आहे, नाना. माझा नकाशा सरकला. चूक जमिनीची नाही, माझी आहे."

नाना आपल्या तळहातावरचे फोड बघत बसले.

"मंग आते पानी कोठे शे?"

शालिग्रामनं पश्चिमेला बोट दाखवलं. रोज खणून दमल्यावर सगळे ज्या लिंबाखाली भाकरी खायला बसत, तिथं. नानांनी कुदळ खांद्यावर टाकली आणि चालू लागले. शालिग्रामनं पहार उचलली. दुपारपर्यंत त्याच्याही हाताला फोड आले, पण त्याला कुणी थांब म्हटलं नाही आणि कुणी बोलही लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं.

पाणी लागलं, भरपूर लागलं. टेकडीजवळचा खड्डा बुजवायला मात्र कुणाला सवड झाली नाही. पुढं सडकेवर त्या खड्ड्यासमोरच एसटी थांबू लागली.

दिवाळीला शालिग्राम बायकोबरोबर, कमलबरोबर, सासुरवाडीला निघाला. कंडक्टरनं कुठलं तिकीट म्हणून विचारलं. शालिग्राम खिडकीबाहेर बघू लागला. कमलनं त्याच्याकडे न पाहताच पैसे पुढे केले.

"दोन द्या. जावयाची विहीर."